तिथी बघून निघा: दापोलीच्या किनाऱ्यावर चार दिवस

दापोलीला जाणारे बहुतेक लोक शुक्रवारी रात्री निघतात, शनिवारी दुपारी किनाऱ्यावर पोहोचतात आणि रविवारी संध्याकाळपर्यंत सगळे 'पॉइंट' उरकून परततात. त्यात कड्यावरचा गणपती होतो, हर्णेचा मासळी-लिलाव होतो, डॉल्फिन होतात. समुद्र तेवढा राहून जातो. हा किनारा घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर चालतो. होडी कधी सुटणार, मासळी कधी उतरणार, पुळणीवर चालायला वाळू कधी मोकळी होणार, हे सगळं पाणी ठरवतं. म्हणून सहलीची आखणी पाण्यापासून सुरू करायची. हर्णे, आंजर्ले, केळशी, मुरूड, आसूद आणि दाभोळ एवढ्याच पट्ट्यासाठी हा लेख आहे. चार दिवस आणि तीन रात्री मिळाल्या तर उत्तम. दोनच दिवस असतील तर यातलं निम्मं सोडा, पण आखणीची रीत तीच ठेवा.

आधी कॅलेंडर, मग बुकिंग

भिंतीवरचं कोणतंही मराठी कॅलेंडर घ्या आणि जायच्या दिवसाची तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. किनाऱ्यावरचे लोक हा हिशेब पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. यात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, त्यामुळे होडीसारख्या नेमक्या कामासाठी भरतीचं ॲप बघा किंवा गावात विचारा. आखणीपुरता मात्र हा हिशेब पुरतो.

आता याचा उपयोग बघा. समजा तुम्ही शुद्ध द्वादशीला पोहोचलात. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊला भरती आणि दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. त्रयोदशीला पावणेचार, चतुर्दशीला साडेचार, पौर्णिमेला सव्वापाचच्या आसपास पाणी सर्वांत मागे गेलेलं असेल. चारही दिवस संध्याकाळी ओली, घट्ट, रुंद वाळू चालायला मिळेल आणि शेवटच्या दिवशी मावळतीला पाठीमागून चंद्रही उगवेल. हेच चार दिवस अष्टमीच्या आसपास घेतलेत तर संध्याकाळी भरती असेल आणि चालायला वाळू कमी मिळेल. लहान मुलं आणि चालण्याची आवड असलेली वडीलधारी मंडळी सोबत असतील, तर द्वादशी ते पौर्णिमा किंवा वद्य द्वादशी ते अमावास्या हे दिवस निवडावेत, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते. पाणी जास्त वर येतं, जास्त मागे जातं आणि ओढही जास्त असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची हालचाल मंद असते. चालण्यासाठी उधाणाचे दिवस चांगले, पाण्यात खेळण्यासाठी भांगाचे.

महिना कोणता

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सुखाचा काळ. हवा कोरडी, समुद्र शांत आणि होड्या चालू. त्यातही दिवाळीची सुट्टी आणि ३१ डिसेंबरचा आठवडा टाळा. त्या दिवसांत मुरूड-कर्दे पट्ट्यात गाड्यांची रांग लागते आणि खानावळींत पानावर बसायला तास जातो. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कासवांची पिल्लं समुद्रात जातात. एप्रिल-मे आंब्यांचे महिने. घामाने जीव नकोसा होतो, पण बागेत बसून पाडाला लागलेला हापूस खायचा असेल तर तेवढं सोसायला हवं. मे महिन्यात विहिरी खाली जातात, तेव्हा यजमानांचं पाणी जपून वापरा.

पावसाळ्यात समुद्र बघायचा, त्यात उतरायचं नाही. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हर्णेचा लिलाव नसतो आणि सुवर्णदुर्गाच्या होड्याही बंद असतात. पण आसूदची वाडी, पन्हाळेकाजीच्या लेण्यांजवळची नदी आणि भातलावणी बघायला जुलै-ऑगस्टसारखा काळ नाही. नारळी पौर्णिमा झाली की बंदर पुन्हा हलायला लागतं.

मुक्कामाचं गाव

मुरूड आणि कर्दे ही दोन गावं लांब, सपाट पुळणीमुळे सगळ्यात गजबजलेली. हॉटेलं, पाण्यावरचे खेळ, घोडागाडी सगळं तिथे आहे. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. गावातल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जुनी घरं आणि दुर्गादेवीचं देऊळ बघायला तरी तिथे एक सकाळ द्या.

मुक्काम मात्र आंजर्ल्यात किंवा केळशीत करा. इथे नारळी-पोफळीच्या आगरातच घर असतं. पुढे खळं, मग पडवी, माजघर, मागच्या दारी विहीर आणि आगराच्या टोकाला समुद्र. जांभ्याच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जाणाऱ्या पाखाड्यांनी (पायवाटांनी) गावभर पायी फिरता येतं. अशा घरात राहण्याचे काही नियम कोणी लिहून लावत नाही, पण ते पाळायचे असतात. आगरात पडलेला नारळ किंवा सुपारी मालकाची असते, विचारल्याशिवाय उचलू नये. रात्री दहानंतर स्पीकर नको. अंधारात पाखाडीने जाताना विजेरी हवीच, कारण पालापाचोळ्यात साप असू शकतो.

खोली ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: समुद्र पायी किती मिनिटांवर आहे, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, जेवण घरचं आहे की बाहेर जावं लागेल, आणि गाडी लावायला जागा कुठे. जुन्या गावांत वाटा इतक्या अरुंद आहेत की मोठी गाडी देवळाजवळ लावून सामान हातात घेऊन जावं लागतं.

पोहोचायचं कसं

रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेच्या खेड स्थानकावर उतरा. तिथून दापोली सुमारे ३० किलोमीटर; एसटी आणि रिक्षा मिळतात. दापोलीहून हर्णे १५-१६ किलोमीटर. मुंबईहून गाडीने येणारे माणगावच्या पुढून आंबेत-मंडणगडमार्गे किंवा सरळ महाड-पोलादपूर करत खेडच्या भरणे नाक्यावरून येतात. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव गाठायचं. रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वर-श्रीवर्धनकडून येणाऱ्यांनी बागमांडला-वेश्वी फेरीबोट घ्यावी. बाणकोटची खाडी गाडीसकट ओलांडता येते आणि मोठा वळसा वाचतो.

पैसे दापोलीतच काढून ठेवा. किनाऱ्यावरच्या गावांत यूपीआय सगळीकडे घेतात, पण मोबाइलला रेंज नसली की व्यवहार अडतो, आणि होडीवाल्याला तर रोखच लागते.

जेवण आदल्या रात्री सांगा

हे ज्याला कळलं त्याची अर्धी सहल साधली. घरगुती खानावळीत माणसं मोजून तांदूळ भिजतो. रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवसाचं सांगून ठेवायचं आणि सकाळी नऊच्या आत संख्या पक्की करायची. शाकाहारी घरात उकडीचे मोदक, वालाचं बिरडं, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, न्याहारीला घावन किंवा आंबोळी हे मागा. पनीरची भाजी त्या घरात मागू नका; ते करून देतील, पण तुम्ही तिथे गेल्याचा उपयोग काय?

मासे खाणाऱ्यांनी 'सुरमई थाळी' एवढंच न म्हणता आज काय आलंय ते विचारावं. बांगडा, मांदेली, तारली, ओले बोंबील, तिसऱ्या, कालवं यांची चव ताजेपणावर असते आणि ती शहरात मिळत नाही. हर्णेच्या बाजारात स्वतः मासे घेऊन यजमानांकडे दिले तर बरेच जण करून देतात, पण हेही आधी बोलून ठेवा.

हर्णे: एक पूर्ण दिवस

सकाळ किल्ल्याला आणि संध्याकाळ लिलावाला द्या.

सुवर्णदुर्ग हर्णे बंदरासमोर समुद्रातल्या खडकावर उभा आहे. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी हा एक. कान्होजी आंग्र्यांच्या कर्तृत्वाची सुरुवात याच किल्ल्यावर झाली आणि १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो कान्होजींचा मुलगा तुळाजी याच्याकडून घेतला. मराठी आरमाराचं वैभव आणि आपल्याच माणसांनी त्याला लावलेली ओहोटी या दोन्ही गोष्टींचा हा साक्षीदार आहे, म्हणून इथे नुसता फोटो काढून परत फिरू नये.

होडी बंदरातून मिळते आणि भाडं होडीवर ठरतं, त्यामुळे आणखी एखादं कुटुंब सोबत मिळालं तर दोघांचाही खर्च कमी होतो. जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. किल्ल्याला धक्का नाही. गुडघाभर पाण्यात उडी मारून उतरावं लागतं. पँट दुमडता येईल अशी, पायात पट्ट्याच्या सँडल, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. ओहोटीत भोवतीचे खडक उघडे पडतात, म्हणून केव्हा निघायचं आणि कुठे उतरायचं हे नावाड्याला ठरवू द्या. लाइफ जॅकेट मागून घ्या. नसेल तर दुसरी होडी बघा. आत दीड-दोन तास थांबायचं आहे हे निघण्याआधीच सांगा, नाहीतर अर्ध्या तासात हाका सुरू होतात.

महादरवाजा लांबून दिसतच नाही, तो तटाच्या वळणात लपवला आहे. पायरीवर कोरलेलं कासव आणि शेजारच्या तटावरचा मारुती शोधा. आत विहिरी, तलाव, पडक्या वाड्यांची जोती आणि माजलेली झुडपं आहेत. तटाच्या कडेकडेने फेरी मारता येते, पण मुलांचा हात सोडू नका. आत सावली कमी आणि खाण्यापिण्याचं काहीच नाही, म्हणून पाणी सोबत हवं. रिकामी बाटली परत आणायची हे सांगायला लागू नये, पण तिथला कचरा बघितला की सांगावंसं वाटतं.

परत आल्यावर बंदरालगतचा कनकदुर्ग चढा. तिथे दीपगृह आहे आणि सुवर्णदुर्ग सर्वांत चांगला तिथूनच दिसतो. फत्तेगडावर आता वस्ती आहे. गोवा किल्ला रस्त्यालगत असून त्याचा तट अजून शाबूत आहे. सुवर्णदुर्गाला जमिनीकडून आधार देणारे हे तीन किल्ले पायी एका दुपारी होतात.

लिलाव साधारण चारनंतर रंगतो. होड्या किनाऱ्याजवळ आल्या की टोपल्या वाळूवर उतरतात, मासळीचे वाटे लागतात आणि बोली सुरू होते. बोलीच्या रिंगणात मध्ये शिरू नका, तो लोकांच्या पोटाचा धंदा आहे. फोटो काढण्याआधी विचारा. घरापुरते मासे हवे असतील तर लिलावातून न घेता बाजूला टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडून घ्या. कल्ले लालभडक, डोळे चकचकीत आणि बोटाने दाबल्यावर खळगा न राहणारं मांस, एवढं बघितलं की फसगत होत नाही. अगदी लहान पापलेट आणि सुरमईची पिल्लं स्वस्त मिळतात, ती घेऊ नका. त्यांना वाढू दिलं नाही तर पुढे लिलावाला मासाच उरणार नाही.

आंजर्ले आणि केळशी

हर्णेहून जोग नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीला थेट गाडी जाते, पण गावातून पाखाडीच्या पायऱ्यांनी चढा. मध्ये गणपतीचं पाऊल म्हणून पूजलं जाणारं ठिकाण लागतं, आणि वर गेल्यावर खाली माडांचं बन, खाडीचं मुख आणि लांबवर सुवर्णदुर्ग दिसतो. देव पूर्वी किनाऱ्यावर होता, पाणी वाढलं तसा कड्यावर आला, अशी गावात आख्यायिका आहे. मूर्ती उजव्या सोंडेची. सकाळी आठच्या आत गेलात तर गर्दी नसते.

केळशी अजून शांत. महालक्ष्मीचं देऊळ, याकूब बाबांचा दर्गा, आणि भारजा नदीच्या मुखाशी असलेली वाळूची टेकडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी ही टेकडी जुन्या काळी आलेल्या त्सुनामीच्या लाटेने उभी राहिली असावी, असं मत मांडलं आहे. तिच्या पोटात जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या. टेकडीवर चढून वाळू ढासळवू नका, पायथ्याशी उभं राहून थर बघा. हिवाळ्यातल्या अमावास्येच्या आसपास तिथे असाल तर रात्री जेवणानंतर किनाऱ्यावर जा. तारे तर दिसतातच, पण कधीकधी सूक्ष्म जीवांमुळे लाटेची कड निळसर चमकते. ते रोज दिसत नाही, दिसलं तर नशीब समजा.

कासवं

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री वाळूत येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ही अंडी वाचवायचं काम सुरू केलं. पुढे ते आंजर्ल्यासह अनेक गावांत पसरलं. पूर्वी जिथे अंडी खाल्ली-विकली जायची, तिथेच आज कासवमित्र पहाटे पावलांचे माग काढत फिरतात. अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात.

जायचं असेल तर निघण्याआधी गावात फोन करून पिल्लं अपेक्षित आहेत का ते विचारा. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, पिल्लं आली असतील तरच, ती सोडतात. म्हणून एक मुक्काम धरा, म्हणजे दोन संधी मिळतात. दोरीच्या मागे राहा, फ्लॅश मारू नका, उचलून फोटो काढू नका. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं, त्यामुळे मोबाइलचा प्रकाश त्याला समुद्राऐवजी तुमच्याकडे ओढतो. तेवढं अंतर त्याला स्वतःच्या पायांनीच जाऊ द्यायचं असतं.

किनारा सोडून

एक दिवस आत वळा. दापोली-हर्णे रस्त्यावर आसूद आहे. दाबकेवाडीतून पोफळीच्या आगरातून खाली उतरायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि पायऱ्या चढून केशवराजाच्या देवळात जायचं. वर गोमुखातून थंड पाणी पडतं. भर उन्हात गेलात तरी वाटेवर ऊन लागत नाही, म्हणून ही जागा दुपारसाठी राखून ठेवा. जवळच व्याघ्रेश्वराचं जुनं देऊळ आहे.

त्यानंतर दोन पर्याय आहेत. इतिहासाची ओढ असेल तर पन्हाळेकाजी. कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी, बौद्धांपासून नाथपंथीयांपर्यंत. सोबत पाणी आणि खाणं न्या. समुद्राचीच ओढ असेल तर दाभोळ. हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. रशियन प्रवासी निकितीन पंधराव्या शतकात इथूनच परतीच्या जहाजावर चढला, आणि १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी ते जाळलं. आज तिथे घुमटाची अंडा मशीद आहे आणि खडकातलं चंडिका देवीचं स्थान, जिथे समयांच्या उजेडात वाकून आत जावं लागतं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने पलीकडे गेलात की गुहागर तालुका लागतो, पण तो पुढच्या सहलीला ठेवा.

पाण्यात उतरताना

खाडीच्या मुखाशी कधीही पोहू नका. ओहोटीत तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत नेते. पाणी परतू लागलं की कमरेच्या वर जाऊ नका. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढ संपली की वळा. उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला काटेरी शेपटीचा पाकट मासा बाजूला सरकतो. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्याला अडवा, तो चिडला तरी चालेल.

गाडी वाळूवर नेऊ नका. कोरडी दिसणारी वाळू चाक धरते, भरती चढते आणि ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी गेलेलं असतं. शिवाय त्या चाकांखाली कासवाचं घरटं असू शकतं.

डॉल्फिन बघायला कर्दे-मुरूडहून सकाळी लवकर होड्या जातात. थवा दिसला की इंजिन बंद करायला सांगा. पाठलाग केला की ते बुडी मारतात, थांबलं की जवळ येतात.

परतताना

आंबापोळी, फणसपोळी, आमसूल, आगळ (कोकमाचा रस), कुळथाचं पीठ, काजूगर या गोष्टी ज्या घरात राहिलात तिथेच आधी विचारा. बायकांच्या बचत गटांचा मालही गावात मिळतो. आगळात साखर नसते आणि सरबताच्या बाटलीत असते, एवढं लेबल वाचून घ्या. सुकट-बोंबील दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर एसटीत सगळ्यांना कळतं. आंब्याची पेटी घेताना वरचा थर बघून भुलू नका, खालचा उपसून बघा.

शेवटचा थांबा दापोलीतलं कोकण कृषी विद्यापीठ. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या रोपवाटिकेत आंबा, काजू, नारळ, कोकम यांची रोपं हंगामात मिळतात. हापूस आणि नीलमच्या संकरातून आलेला 'रत्ना' विद्यापीठाचाच. परसात थोडी जागा असेल तर पावसाच्या तोंडावर एक कलम न्या. घेताना सांधा नीट जुळलेला आहे का बघा, सांध्याखाली फुटवे आलेले असतील तर ते खुडून टाका आणि लावताना सांधा मातीच्या वर राहील अशी काळजी घ्या. गाडीत रोप आडवं ठेवू नका, आणि खेडहून रेल्वे असेल तर दापोली दोन तास आधी सोडा.